स्टेकच्या सॉससाठी परवडणारी रेड वाईन कोणती घ्यावी?

तिखटमीठ
शनिवारी चार जणांसाठी स्टेक करायचा आहे. स्टेक खरपूस भाजणं हातात बसलंय, रेड वाईनचा सॉस मात्र पहिल्यांदाच करतेय. कुणी म्हणतं, जी प्याल तीच ओता. कुणी म्हणतं, शिजवायला सगळ्यात स्वस्त बाटलीही चालते. घरात ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली एक भारी कॅबरने सोव्हिन्यों आहे, भेट आलेली. ती वापरू की साधी आणू? ‘कुकिंग वाईन’ घेतली तर? आणि लागते किती?

मंदआच
ती कॅबरने जेवताना प्या. कृपा करून कढईत ओतू नका, बाटलीही वाया जाईल आणि सॉसही.

वाईन आटते तेव्हा पाणी आणि बरंचसं अल्कोहोल उडतं. टॅनिन (वाईनला तुरटपणा देणारा घटक), आंबटपणा, साखर मात्र तिथेच राहतात. एक पेला पाव पेल्यावर आणलात की हे सगळं जवळपास चौपट दाट. स्टेकच्या घासाबरोबर जे तुरटपण छान लागतं, तेच आटल्यावर फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखं जीभ ओढतं. ओकचा स्वादही कडवटपणाकडे झुकतो. आणि ज्या नाजूक सुगंधांचे आपण जास्त पैसे मोजतो, ते तर उकळतानाच उडून जातात. मग पैसे कशाला घालवायचे?

तुम्हाला हवी ती कोरडी (म्हणजे गोड नसलेली), कमी टॅनिनची, फळांचा स्वाद ठसठशीत असलेली आणि ओकमध्ये न मुरलेली. माझी पहिली पसंती साध्या मेर्लोला. नाहीतर ग्रेनाश द्राक्षांवर बेतलेली कोत द्यु रोन, किंवा बार्बेरा, जिच्यात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन कमी. स्पेनची टेम्प्रानियो घेतलीत तर लेबलवर ‘होवेन’ शोधा. ‘क्रियान्झा’ किंवा ‘रेझेर्वा’ म्हणजे ओकमध्ये मुरवलेली. पिनो न्वारचा सॉस सुरेख होतो, पण कमी पैशात चांगली पिनो मिळणं कठीण.

कुकिंग वाईन अजिबात नको. बहुतेक वेळा तिच्यात मीठ घातलेलं असतं आणि ती आटली की सॉस खारट होतो, मग काही करता येत नाही.

बाटली आणलीत की शनिवारची वाट न बघता एक गोष्ट करा. तीन-चार चमचे वाईन लहान पातेलीत घ्या, चमचाभर उरेपर्यंत आटवा, मिठाचा कण टाका आणि चाखा. आंबटगोड लागली तर निर्धास्त वापरा. घसा आवळला तर ती प्यायला ठेवा. लेबल वाचून जे कळत नाही ते या एका चमच्यात कळतं.

चार जणांना 200 ते 250 मिली पुरे. 750 मिलीच्या बाटलीतली उरलेली जेवताना पिता येईल, त्यामुळे नुसती प्यायलाही बरी लागेल अशीच घ्या.

हाडाचा_रस्सा
मंदआच, थोडं वेगळं मत. बोर्देलेज सॉस तर फ्रान्समधल्या बोर्दोच्याच रेड वाईनचा करतात आणि तिच्यात बहुतेकदा कॅबरने असते की. तो कुठे कडू होतो?

मंदआच
मुद्दा रास्त आहे. पण बोर्देलेजमध्ये हाडं तासन्‌तास उकळून दाट केलेला स्टॉक असतो, वर हाडातली मज्जा. स्टॉकमधलं जिलेटिन टॅनिनला धरून ठेवतं, चरबी बाकीचं सांभाळून घेते. तुमच्याकडे थंड झाल्यावर थरथरणारा स्टॉक असेल तर ओक नसलेली साधी कॅबरने बिनधास्त वापरा. वडी विरघळवून केलेल्या स्टॉकला ते साधत नाही, शिवाय ती खारटही असते. तिथे मेर्लोच.

कोवळी_चव
मुलंही जेवणार असतील तर एक लक्षात घ्या. वाईन उकळली की अल्कोहोल संपलं, असं नसतं. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्याप्रमाणे 15 मिनिटं मंद शिजवल्यावरही सुमारे 40 टक्के उरतं, अर्ध्या तासाने 35 टक्के. मुलांसाठी सॉस वाईनशिवाय वेगळा काढा.

तिखटमीठ
मुलं नाहीत, पण बरं झालं सांगितलंत. मेर्लो आणते आणि आजच आटवून बघते. स्टेक लोखंडी तव्यावर करते, सॉस त्यातच केला तर चालेल?

मंदआच
वाईन लोखंडात फार वेळ उकळू नका, आंबटपणामुळे धातूची चव उतरते आणि तव्यावरचा तेलाचा मुरलेला थरही जातो. स्टीलच्या पातेलीत बारीक चिरलेले छोटे कांदे थोड्या लोण्यावर मऊ करा, त्यात वाईन घालून पाव हिश्शावर आणा. स्टेक काढून बाजूला ठेवला की तव्यातली जादा चरबी ओता, तळाला चिकटलेलं तपकिरी असतं ते राहू द्या. त्यावर पेलाभर गरम स्टॉक घालून लाकडी उलथन्याने खरवडा आणि सगळं पातेलीत ओता. चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत आटवा, गॅस बंद करा, मग थंड लोण्याचे दोन तुकडे एकेक करून फिरवत विरघळवा. मीठ अगदी शेवटी. वाईन पातेलीत ओतताना आच बंद ठेवा, वाफ भडकते.

हाडाचा_रस्सा
बाटलीत तळाशी उरलीच तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा, पुढच्या सॉसला दोन-तीन खडे टाकता येतात.