मदत हवी आहे: जमिनीचा चढउतार आणि झाडांची विविधता, दोन्हींचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. डोंगरउतारावरच्या नैसर्गिक जंगलातल्या २० बाय २० मीटरच्या प्लॉटची माहिती माझ्याकडे आहे: झाडांच्या जाती, खोडांचे घेर, पाचोळ्याचं वजन, मातीतला ओलावा. जिथे जाती जास्त, तिथे जैवभारही (झाडांचं एकूण वजन) जास्त दिसतो. पण हे श्रेय विविधतेचं की जमिनीचं, इथेच गाडी अडली आहे.

घळीत वरून वाहून आलेली माती साचते, ओल टिकते, पाचोळा लवकर कुजतो. म्हणून तिथे जातीही जास्त आणि झाडंही दणकट. डोंगराच्या धारेवर मातीचा थर पातळ. पानं जाड, चिवट, कुजायला वेळ घेणारी. म्हणजे चढउताराचा प्रभाव दोन्हीकडे पडतोय.

चीनच्या ज्यांग्शी प्रांतातल्या बीईएफ-चायना या, जैवविविधता आणि जंगलाचं कार्य यांचा संबंध तपासणाऱ्या प्रयोगात जातींची संख्या ठरवूनच लागवड केली होती. ८ वर्षांनी १६ जातींच्या मिश्र प्लॉटमध्ये एकाच जातीच्या सरासरी प्लॉटच्या दुपटीहून जास्त कार्बन साठला होता. नैसर्गिक जंगलात ही सोय नाही.

तर उतार, उताराची दिशा, ओलावा हे सगळं घेऊन स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल (कशाचा कशावर थेट आणि कशाचा आडून परिणाम होतो हे एकत्र मोजणारी संख्याशास्त्रीय पद्धत) लावावं, की सारख्या उतारावरच्या प्लॉटचीच आपसात तुलना करावी? शेजारचे प्लॉट मुळातच एकमेकांसारखे असतात, ते कसं हाताळता? जातींची नुसती संख्या मला अपुरी वाटते. पानांचे गुणधर्म आणि लाकडाची घनता घ्यायलाच हवी असं माझं मत आहे. कुणी हे आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तर कोणतं पॅकेज वापरलं, तेही कृपया सांगा.