मदत हवी आहे: कलर पिकर काळ्यावर नेला की रंग लाल होतो

पेठकर_०७
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. नारायण पेठेतल्या एका छापखान्यासाठी लग्नपत्रिका ऑनलाइन सजवायचं पान करतोय. अक्षरांचा आणि किनारीचा रंग गिऱ्हाईकच निवडणार, त्यासाठी कलर पिकर (टिंब ओढून रंग निवडायची चौकट) ठेवलाय. मोरपिशी निवडून टिंब खाली काळ्यापर्यंत ओढलं आणि परत वर आणलं, की मोरपिशी गायब, लाल हजर. शेजारची रंगपट्टीसुद्धा आपोआप लाल टोकाला जाते. उद्या मालकांना दाखवायचंय. कृपया 'गूगल करा' सांगू नका, ते झालंय.

दख्खनची_राणी
कोणता पिकर? रिअ‍ॅक्ट, व्ह्यू की साधं जावास्क्रिप्ट? ब्राउझर कोणता? स्टेटमध्ये (पानाच्या स्मरणात) काय साठवताय? एवढं लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

कोथरूडचा_विनू
स्वतःचा पिकर हवाच कशाला? ब्राउझरचा तयार पिकर, इनपुट टाइप कलर, टाका आणि मोकळे व्हा. आमच्या ऑफिसात सगळीकडे तेच आहे, कधी तक्रार आली नाही.

मुळाकाठ
विनू, ऑफिसातले सगळे एकाच ब्राउझरवर असतील. क्रोममध्ये खिडकी वेगळी, विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये सिस्टिमची, आयफोनवर तिसरीच. काउंटरवरच्या माणसाने गिऱ्हाइकाला फोनवर 'इथे दाबा' म्हणून काय सांगायचं? शिवाय पारदर्शकता सगळ्या ब्राउझरांत मिळेलच असं नाही.

कोथरूडचा_विनू
पत्रिका कागदावर छापायची आहे. पारदर्शकतेचं काय करणार?

मुळाकाठ
मजकुरामागे गणपती फिकट ठेवतात की. बहुतेक पत्रिकांवर असतो.

टिकली
एक महत्त्वाचं सांगते, माहेरी छपाईचाच धंदा आहे. पडदा आरजीबी (लाल-हिरवा-निळा प्रकाश), छपाई सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई). झगझगीत पोपटी आणि गडद विजेरी निळा शाईत तसा उतरतच नाही, मळकट येतो. सोनेरी अक्षरं हवी असतील तर ती फॉइलची, पिकरमधून सोनेरी निवडून पिवळट तपकिरीच छापून येईल. गिऱ्हाइकाला छापील प्रूफ दाखवल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

पेठकर_०७
ताई, छपाईचं मालक बघतात. मला फक्त तो लाल घालवायचाय. रिअ‍ॅक्ट आहे, पिकर मीच लिहिलाय, क्रोमवर बघतोय. स्टेटमध्ये हेक्स, म्हणजे रंगाचा सहा अंक-अक्षरांचा कोड. आणि टिंब ओढताना सर्व्हरला धडाधड रिक्वेस्ट जातात, तेही बघा.

दख्खनची_राणी
हेक्स म्हणालात, तिथेच सगळं आहे. टिंब ओढताना तुम्ही एचएसव्हीचं (ह्यू म्हणजे रंगचक्रावरचा कोन, शिवाय तीव्रता आणि उजळपणा) हेक्स करता, स्टेटमध्ये टाकता आणि पुढच्या रेंडरला हेक्सवरून परत एचएसव्ही काढता. काळा म्हणजे सहा शून्यं. त्यात मूळ रंग मोरपिशी होता की डाळिंबी, याची खूणच उरत नाही. मग रूपांतराचं फंक्शन ह्यू शून्य देतं, आणि शून्य अंश म्हणजे लाल. पांढऱ्यावर आणि करड्यावर नेलंत तरी हेच होईल, करून बघा.

उपाय: पिकरच्या आत एचएसव्हीच ठेवा, पूर्णांकात न बदलता. बाहेर पालक घटकाला (पिकर वापरणाऱ्या पानाच्या भागाला) फक्त हेक्स द्या. बाहेरून हेक्स आला की आधी तपासा, आतल्या एचएसव्हीचा हेक्स तोच आहे का. तोच असेल तर आतल्याला हात लावू नका. वेगळा असेल तरच नव्याने मोजा, म्हणजे कुणी चौकटीत हेक्स टाइप केला तरी चालेल.

कोथरूडचा_विनू
रिक्वेस्टचं सोपं आहे. नेटिव्ह इनपुटला (ब्राउझरच्या तयार पिकरला) चेंज इव्हेंट, म्हणजे रंग बदलल्याची सूचना, खिडकी बंद झाल्यावरच येतो.

मुळाकाठ
साध्या जावास्क्रिप्टमध्ये बरोबर. पण रिअ‍ॅक्टचा ऑनचेंज इनपुट इव्हेंटलाही धावतो, म्हणजे ओढताना प्रत्येक वेळी. पेठकर, तुमच्या पिकरमध्ये पॉइंटरमूव्हला (टिंब ओढताना) फक्त पूर्वदृश्य बदला आणि पॉइंटरअपला (सोडल्यावर) सेव्ह करा. कीबोर्डच्या बाणांनी रंग बदलणाऱ्यांसाठी थोडा डिबाउन्स, म्हणजे क्षणभर थांबल्यावरच सेव्ह, ठेवा.

पेठकर_०७
आत एचएसव्ही ठेवला, लाल गेला! काळ्यावर नेऊन परत आणलं तरी मोरपिशी तसाच. राणी, मनापासून आभार. सेव्हचं आता करतो. जाता जाता, मालकांना शालूच्या फोटोवरून रंग उचलायचं बटण हवंय. आयड्रॉपर (पडद्यावरचा रंग उचलणारी ब्राउझरची सोय) माझ्याकडे चालतो, त्यांच्या दुकानातल्या मशीनवर बटणच दिसत नाही.

दख्खनची_राणी
दुकानात पान कसं उघडता? नुसत्या आयपी पत्त्यावर एचटीटीपीने असेल तर आयड्रॉपर मिळणार नाही, त्याला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) लागतं. तुमच्याकडे लोकलहोस्ट (पान स्वतःच्याच मशीनवरून) आहे म्हणून चालतो. आणि फायरफॉक्स, सफारीत तो नाहीच. तिथे फोटो कॅन्व्हासवर काढून, जिथे दाबलं त्या पिक्सेलचा रंग वाचा.

अबोली_पुणे
मी प्रोग्रामर नाही, पण रंगांना नावं द्या ना! लक्ष्मी रोडला साडी घेताना आम्ही चिंतामणी, अबोली, आमसुली असंच मागतो. आजी-आजोबांना ती पट्टी ओढायला लावू नका.

टिकली
अबोलीताईंना अनुमोदन. दहा-बारा ठरलेले रंग वर द्या, छापून तपासलेले. पिकर 'आणखी रंग'च्या मागे.

मुळाकाठ
आणि पिवळ्यावर पांढरी अक्षरं निवडली तर सावध करा. मजकूर आणि मागचा रंग यांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (उजळपणातला फरक) ४.५ तरी हवं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. मुहूर्ताची वेळ वाचता आली नाही तर पत्रिका काय कामाची?

पेठकर_०७
मशीनवर एचटीटीपीच निघालं. ठरलेले रंग आज रात्री टाकतो. टिकलीताई, छापून तपासलेल्या रंगांचे सीएमवायके आकडे मिळतील का?