जळगाव एमआयडीसीत नवीन शेड : ‘ग्रीन सर्टिफाइड पत्रा’ म्हणजे नेमका कोणता घ्यायचा?

रावेरी_पॅकहाऊस विचारतात :

राम राम मंडळी.

केळी पॅकिंगचं आणि पिकवणीच्या चेंबरचं युनिट उभं करायचंय. मुख्य शेड ३० × ६० मीटर, मधोमध रिज (छताची सर्वात उंच रेषा), उतार १ ला १०. आत एका बाजूला सहा रायपनिंग चेंबर. बाकी पॅकिंग हॉल, त्याला एसी नाही. कोपऱ्यात ऑफिस, तिथे एसी. खरेदीदाराची अट आहे की इमारतीला आयजीबीसी किंवा लीडचं (पर्यावरणपूरक इमारतींना गुण मोजून दिलं जाणारं) रेटिंग हवं.

फॅब्रिकेटर म्हणतो, आमचा पत्रा ग्रीन सर्टिफाइड आहे, लावला की काम झालं. मालकांना छत गडद निळं हवंय. विचारायचं असं :

१. असा ‘सर्टिफाइड’ पत्रा असतो का?
२. छताला साधा कलर पत्रा आणि खाली ग्लासवूल पुरेल, की सँडविच पॅनेलच (दोन पत्र्यांमध्ये फोम) लागेल?
३. कागद कोणते मागायचे? कॉइलची (पत्र्याच्या गुंडाळीची) ऑर्डर अजून गेलेली नाही.

---

उन्हाळी :

ऑर्डर गेली नाही हे फार बरं झालं.

रेटिंग मिळतं ते इमारतीला. पत्र्याला मिळत नाही. पत्र्यावर ग्रीनप्रोसारखं लेबल असू शकतं, ते सीआयआय या उद्योगसंघटनेचं आहे आणि रेटिंगमध्ये मटेरियलसाठी जे गुण असतात त्यांना उपयोगी पडतं. पण ते लेबल आहे म्हणून छताच्या उष्णतेचा गुण आपोआप मिळत नाही. तो ठरतो दोन गोष्टींवर, छताचा उतार आणि पत्र्याचा एसआरआय. ‘ग्रीन पत्रा’ विकणारे उतार विचारतच नाहीत.

एसआरआय म्हणजे पत्रा किती ऊन परत फेकतो आणि तापलाच तर ती उष्णता किती सहज सोडतो, या दोन्हींचा मिळून एक आकडा. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ० आणि ठरावीक पांढऱ्याला १०० धरून तो काढतात. परावर्तन आणि उत्सर्जन दोन्ही लागतात, आणि बिनरंगी गॅल्व्हाल्यूम (ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेला पत्रा) तिथेच फसतो. नवा असताना तो आरशासारखा चकाकतो, ऊनही बरंच परत फेकतो, पण उत्सर्जन फार कमी. म्हणून एकदा तापला की थंड व्हायला तयार नसतो. ‘चकचकीत आहे म्हणजे गार राहील’ हा समज सोडून द्या.

आता उतार. लीडच्या चौथ्या आवृत्तीत १२ ला २ किंवा त्याहून कमी उताराचं छत ‘कमी उताराचं’ धरतात. तुमचं १ ला १० म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश, ते याच गटात येतं. या गटाला एसआरआय तीन वर्षांनंतरचा किमान ६४ लागतो. तीन वर्षांचा आकडा उपलब्ध नसेल तर नव्या पत्र्याचा किमान ८२. जास्त उताराच्या छताला हेच आकडे ३२ आणि ३९ आहेत. कोटेशनमध्ये ‘एसआरआय ३९, लीड पास’ असं लिहिलेलं दिसेल. तो पत्रा खोटा नसतो, फक्त तो तुमच्या छताचा नसतो. आयजीबीसीकडे जायचं असेल तर त्यांच्या पुस्तिकेतला तक्ताही असाच उतारानुसार बघा.

८२ म्हणजे व्यवहारात पांढरा किंवा त्याच्या अगदी जवळचा ऑफ-व्हाइट. गडद निळा त्या आकड्याच्या जवळपासही येत नाही. ‘कूल पिगमेंट’वाला निळा साध्या निळ्यापेक्षा नक्की बरा, पण ६४-८२ त्याच्याही आवाक्याबाहेर. मालकांना निळा भिंतीला लावू द्या. छताच्या या गुणात भिंती मोजतच नाहीत.

आणि रेटिंग बाजूला ठेवलं तरी आपल्याकडे छत पांढरंच हवं. जळगाव २१ अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे जवळपास थेट डोक्यावर असतो, तेव्हा उन्हाचा मुख्य मारा छतावर पडतो. भिंतीला ऊन लागतं ते सकाळ-संध्याकाळ, तिरपं.

---

पफवाला_नाही :

रंगाचं वर आलंच आहे, मी इन्सुलेशनचं सांगतो.

आधी हे पक्कं करा की थंड काय ठेवायचंय. चेंबरमध्ये १४ ते १८ अंश, बाहेर हॉलमध्ये मे महिन्यात ४२-४३. वीज तिथे जाते. हॉलला एसीच नाही, त्यामुळे तिथल्या छतावर महाग पॅनेल टाकून वीजबिलात सरळ बचत दाखवता येत नाही. फायदा होतो तो माणसांना, आणि हॉल चार अंशांनी गार राहिला तर चेंबरवरचा भार कमी होतो तेवढा.

आकडे असे. चांगल्या पफची (सँडविच पॅनेलमधल्या पॉलियुरेथेन फोमची) वाहकता साधारण ०.०२३ वॅट प्रति मीटर-केल्विन. ५० मिमी पॅनेलचा यू-व्हॅल्यू (आरपार किती उष्णता जाते तो आकडा, कमी तितका चांगला) हवेचे थर धरून ०.४३ च्या आसपास, ६० मिमीचा ०.३६, ८० मिमीचा ०.२७. उघड्या एकेरी पत्र्याचा ६ ते ७. म्हणजे पहिल्या ५० मिमीतच जवळजवळ सगळी कमाई होते, पुढचे ३० मिमी फक्त जिथे कंप्रेसर चालतो तिथेच परवडतात. म्हणून चेंबरला ८० मिमी, ऑफिसच्या छताला ८० मिमी, हॉलला ५० मिमी ग्लासवूल. ऑफिसचं ८० का, तर ईसीबीसी २०१७ (इमारतींसाठीचा ऊर्जाबचतीचा कोड) मध्ये छताला ०.३३ ची मर्यादा आहे आणि ५० मिमी तिथे बसत नाही. फॅक्टरी शेडला तो कोड थेट लागू नसला तरी सल्लागार एसी भागासाठी तोच आकडा पुढे करतात.

ग्लासवूलमध्ये एक फसगत आहे. कागदावर ५० मिमीचा यू ०.७ च्या आसपास येतो, पण रोल पर्लिनवर (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) टाकून वरून पत्रा आवळला की पर्लिनपाशी तो दाबून ५-१० मिमी होतो. दर दीड मीटरवर उष्णतेचा एक पट्टा तयार. पर्लिन आणि पत्रा यांच्यामध्ये थर्मल स्पेसर टाकला तर हे बरंच आटोक्यात येतं. एनर्जी मॉडेल करणाऱ्याला दाबलेला आकडा द्या, कॅटलॉगमधला नको.

बबल-फॉइलबद्दल कोणी सांगेल, ‘४ मिमीत ५० मिमीचं काम’. फॉइलला चमकत्या बाजूने किमान २०-२५ मिमी मोकळी हवा लागते. पत्र्याला चिकटून लावलं तर त्या बाजूचा फायदा शून्य.

चेंबरच्या पॅनेलबाबत दोन गोष्टी पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) लिहून घ्या. घनता ४० ± २ किलो प्रति घनमीटर, आणि फोम फुगवायला काय वापरलं त्याचं पत्र. फोम फुगवायला पूर्वी वापरलं जाणारं एचसीएफसी-१४१बी भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. आता सायक्लोपेंटेन किंवा एचएफओ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ओझोनला हानिकारक वायू नाहीत हे रेटिंगवाले विचारतात, आणि नुसतं ‘सीएफसी-फ्री’ लिहिलेलं पत्र पुरत नाही, कारण १४१बी सीएफसी नव्हताच.

आगीचा विचार असेल तर पफऐवजी पीआयआर (आगीला जास्त टिकणारा फोम), आणि इलेक्ट्रिक पॅनेल रूमच्या भिंतीला रॉकवूल. रॉकवूल जळत नाही, पण त्याच जाडीत इन्सुलेशन पफच्या निम्म्याच्या आसपास मिळतं.

---

रावेरी_पॅकहाऊस :

भाऊ, डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. निळ्याचं मालकांना समजावतो. अजून एक. छतावर पुढे सोलर टाकायचंय आणि दिवसा लाइट न लावता काम व्हावं म्हणून पारदर्शक पत्रेही हवेत. त्याने एसआरआयचा हिशोब बिघडतो का?

---

उन्हाळी :

नाही. लीडमध्ये सोलर पॅनेल, स्कायलाइट आणि छतावरची यंत्रं यांची जागा हिशोबातून वजा होते. उरलेल्या छताचा विचार होतो.

सोलर आत्ताच ठरवा, ‘पुढे’ नको. छताला सांधे वर उचललेला, क्लिपवर बसणारा स्टँडिंग सीम पत्रा घेतला तर सोलरची क्लॅम्प त्या उभ्या सांध्यावर बसते, एकही भोक पडत नाही. साध्या स्क्रूच्या पत्र्यावर नंतर सोलर आलं की शेकडो नवी भोकं आणि गळतीचं भांडण : सोलरवाला म्हणतो पत्रा वाईट, पत्रेवाला म्हणतो भोकं तुमची. स्ट्रक्चर डिझाइन करणाऱ्याला चौरस मीटरला १५ किलो जादा भार आत्ताच धरायला सांगा. नंतर पर्लिन वाढवणं हे महागडं आणि किचकट काम आहे. एक किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा धरा.

पारदर्शक पत्रे छताच्या ३ ते ५ टक्के. त्याहून जास्त टाकले तर मेमध्ये हॉलची भट्टी होते. पॉलिकार्बोनेट घ्या, तेही यूव्ही थर असलेलं, आणि तो थर आकाशाकडे आहे हे लावताना बघा. उलटा लागला तर दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो.

---

पर्लिन_मिस्तरी :

डिझाइन कितीही चांगलं असो, वाट लागते ती लावताना.

तुमच्या छताची एक बाजू १५ मीटरहून थोडी जास्त लांब आहे. ४० फुटी ट्रेलरवर १२ मीटरचाच पत्रा नीट येतो. म्हणजे एक तर मधे जोड, नाहीतर साइटवर रोल फॉर्मिंगचं मशीन आणून अखंड पत्रा काढणं. १ ला १० उतारावर मधला जोड म्हणजे गळतीला आमंत्रण. मशीनच आणा. मापाचाच पत्रा निघतो, म्हणून तुकडेही कमी उरतात आणि बांधकाम-कचऱ्याचा हिशोब सोपा होतो. जोड घ्यावाच लागला तर किमान २०० मिमी चढ आणि त्यात ब्युटाइल टेपच्या दोन रेषा.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्या पावसानंतर पांढऱ्या छतावर तांबडे ठिपके उमटतात. निबलर किंवा कात्री वापरा. ड्रिलचा चुरा रोज संध्याकाळी मऊ झाडूने काढा, तोही तसाच गंजतो.

साधा स्क्रूचा पत्रा घेतला तर स्क्रू घट्ट किती? ईपीडीएम (रबरी) वॉशर स्क्रूच्या डोक्याबाहेर जरासा दिसेल इतकाच. चपटा होऊन फाकला तर दोन-तीन उन्हाळ्यांत चिरतो. आपल्याकडे वैशाखात वावटळ येते, म्हणून कडेला, रिजपाशी आणि कोपऱ्यांत प्रत्येक रिबवर (पत्र्याच्या उंचवट्यावर) स्क्रू, मधल्या भागात डिझाइनप्रमाणे. उडतो तो पत्रा नेहमी कोपऱ्यातून उडतो.

पत्र्यावरची प्लास्टिक फिल्म लावता लावताच काढा. मेच्या उन्हात चार-आठ दिवस राहिली की भाजून चिकटते, आणि मग खरवडताना रंगच जातो. आणि गठ्ठे उभारणीआधी पावसात ठेवायचे नाहीत. दोन पत्र्यांमध्ये पाणी साचलं की काळपट-पांढरे डाग पडतात, ते निघत नाहीत.

---

फाइल_क्लोज :

कागदांचा प्रश्न राहिला. रेटिंगच्या अर्जात सगळ्यात जास्त गुण इथेच अडकतात.

एसआरआयचा रिपोर्ट तुमच्याच शेडचा, म्हणजे त्याच रंग-कोडचा हवा. ‘ऑफ-व्हाइट’ नावाचे एकाच कंपनीचे तीन-चार शेड असतात, आणि रिपोर्ट दुसऱ्याचाच जोडलेला असतो. रिपोर्टवर परावर्तन, उत्सर्जन आणि एएसटीएम ई १९८० ने काढलेला एसआरआय, तिन्ही वेगळे लिहिलेले बघा. नुसता एसआरआय असेल तर परत पाठवा.

मिल टेस्ट सर्टिफिकेटवर कॉइल नंबर, आयएस १५९६५ (रंगीत पत्र्याचं भारतीय मानक), एझेड १५० (ॲल्युमिनियम-जस्ताचा थर, चौरस मीटरला १५० ग्रॅम) आणि जाडी. जाडीत नेहमीची मेख अशी की ‘०.५०’ ही मूळ लोखंडाची की कोटिंगसकट? एझेड १५० चा थर दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.०४ मिमी, म्हणजे कोटिंगसकट ०.५० असेल तर लोखंड ०.४६. रंगाचा थर आणखी वेगळा. कॉइल नंबर गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीशी जुळवा, चिठ्ठीचा फोटो काढा, मग कापा.

पुनर्वापरित घटकांचं पत्र आयएसओ १४०२१ प्रमाणे हवं, वापरून झालेलं भंगार आणि कारखान्यातलं भंगार हे दोन टक्के वेगळे लिहिलेले. लीडमध्ये कारखान्यातल्याचं निम्मंच मोजतात. दोन्ही एकत्र करून ‘७० टक्के रिसायकल्ड’ लिहिलेलं पत्र कामाचं नाही. कारखान्याचा पत्ताही लिहून घ्या, अंतराचा गुण त्यावर ठरतो. डीलरचं जळगावातलं दुकान म्हणजे ‘स्थानिक’ नव्हे. ईपीडी (मालाच्या पर्यावरणीय परिणामांचा जाहीर अहवाल) उपलब्ध असेल तर तोही मागा.

बिलावर ‘कलर शीट’ एवढंच नको, वजन आणि किंमत वेगळी हवी, कारण मटेरियलचे गुण किमतीच्या टक्क्यांत निघतात. अंदाजासाठी : तुमचं १८०० चौरस मीटर छत, झाकलेल्या चौरस मीटरला साधारण साडेचार किलो, म्हणजे फक्त छताचा पत्रा ८ टनांच्या पुढे. बिलात ६ टन दिसलं तर एक तर पत्रा पातळ आलाय किंवा बिल अर्धवट आहे.

पावसाचं पाणीही सोडू नका. ७०० मिमी पाऊस आणि ९० टक्के पाणी हाती लागतं असं धरलं तर या छतावरून वर्षाला ११ लाख लिटरच्या वर उतरतं. केळी धुवायला लागणारं पाणी बघता ही टाकी रेटिंग नसतं तरी बांधायला हवी होती. पहिल्या पावसाचं पाणी बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह मात्र बसवा, आठ महिन्यांची धूळ त्यातच असते.

---

रावेरी_पॅकहाऊस :

मालकांशी बोलणं झालं. छत पांढरं, भिंत निळी. फॅब्रिकेटरकडे रंग-कोडसकट एसआरआय रिपोर्ट मागितला, तर त्याने पाठवला तो ‘बिस्किट’ शेडचा आहे, एसआरआय ६८ लिहिलाय. चालेल का?

---

फाइल_क्लोज :

रिपोर्टवर तारीख आणि ‘इनिशियल’ की ‘थ्री इयर एज्ड’ ते बघा. नव्या पत्र्याचा ६८ असेल तर तुमच्या उताराला नापास, तीन वर्षांनंतरचा असेल तर पास. आणि शेड बिस्किटच घेणार असाल तरच. पांढरा घेणार असाल तर पांढऱ्याचा रिपोर्ट येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.