घट बसण्याआधी मैत्रिणीच्या साड्यांची गोधडी धुवावी का?

प्रश्न : दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

माझी जिवाभावाची मैत्रीण चैत्रात गेली. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवत होतो. तिच्या आईंनी उन्हाळ्यात तिच्या नेसणीतल्या सुती साड्यांची गोधडी शिवली आणि ती मला दिली. त्यात काही धडपे माझ्याच जुन्या साड्यांचे आहेत, कारण आम्ही एकमेकींच्या साड्या सर्रास नेसत असू. काकूंनी शिवण्यापूर्वी साड्या मुद्दामच धुतल्या नव्हत्या, त्यामुळे पांघरल्यावर तिचा आणि तिच्या कपाटातल्या कापराचा वास अजूनही येतो, आणि चैत्रापासून उडालेली झोप मला आता त्या गोधडीतच लागते.

तिच्या घरी सुतक पाळले गेले, दहावे-तेरावे झाले, लोक भेटून गेले. मैत्रिणीला सुतक नसते. मी दुसऱ्याच दिवशी वर्गावर उभी होते. माझेही कोणी गेले आहे, हे मला कुठे बसून म्हणता आले असेल तर ते या गोधडीत.

आता पितृपक्ष लागेल आणि घट बसण्याआधी आमच्याकडे घरातले झाडून सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याला निघेल. सासूबाईंचे म्हणणे असे की गोधडी धुवावी, नाहीतर कोणा गरजूला द्यावी, पण गेलेल्या माणसाचे वस्त्र न धुता घटाच्या घरात ठेवू नये. त्या मला समजून घेतात, म्हणूनच त्यांना दुखवावेसे वाटत नाही. धुतली तर वास जाईल, न धुतली तर घरात कुरबुर राहील. अशा वेळी काय करावे?

उत्तर : वाकळवाली (लातूर)

ताई, मी बरीच वर्षे वाकळा शिवते, त्यामुळे आधी कापडाचे सांगते. न धुण्याने वास टिकेल, ही आशा फार दिवस पुरत नाही. तुम्ही रोज पांघरता तेव्हा तुमच्या घामाचा वास त्यावर चढत जातो, आणि तोच घाम कापड पिवळे पाडतो व कसरीला बोलावतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर बुरशीचीही भीती असते. ज्या वासासाठी गोधडी राखायची, तो वापराने जाणारच आहे. म्हणून काकूंकडे मैत्रिणीचा एखादा न धुतलेला पोलका किंवा शिवताना उरलेला धडपा मागून घ्या, तो पूर्ण कोरडा असल्याची खात्री करा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. वास तिथे बराच काळ राहतो, बरणी वारंवार उघडली नाही तर.

गोधडी धुवायची ठरली तर ती इतर धुण्यात मिसळू नका आणि नदीवर दगडावर आपटायला तर मुळीच देऊ नका. आधी ओले पांढरे फडके प्रत्येक रंगावर दाबून पाहावे. रंग फडक्यावर उतरला तर तिथे पाणी लावण्याचा विचारच सोडावा. रंग पक्का असेल तर रिठ्याच्या गार पाण्यात थोडा वेळ बुडवून हातानेच दाबावे. पिळू नये, कारण भिजलेल्या गोधडीचे वजन फार होते आणि पिळताना जुने कापड टाक्यापाशी फाटते. वाळवतानाही दोरीवर टाकू नये, सावलीत बाजेवर पसरावी.

पण मला विचाराल तर यंदा न धुता तिला पांढऱ्या मांजरपाटाची खोळ शिवा आणि दरवर्षी खोळच धुवा. पूर्वी लेपांना खोळी घालत त्या याचसाठी. धुण्यात काहीतरी गेले याचे समाधान सासूबाईंनाही मिळेल.

उत्तर : समुपदेशक (छत्रपती संभाजीनगर)

जवळची मैत्रीण जाणे हे दुःख समाज पुरेसे मोजत नाही. ज्या शोकाला रीतीत जागा नाही त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्येच सविस्तर लिहिले होते. गेलेल्या माणसाची वस्तू जवळ बाळगणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे, असे आता मानसशास्त्रात मानले जात नाही. नाते तोडून पुढे जायचे, हा जुना आग्रहही १९९० च्या दशकापासून बराच मागे पडला आहे. तेव्हा गोधडी ठेवण्यासाठी तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

फक्त एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना तशीच राहून शिकवणे, जेवणखाण, माणसांत वावरणे कठीण होत असेल, तर मदत घ्यावी. शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. गोधडीशिवाय एखाद्या रात्री झोप लागली नाही, एवढ्यावरून मात्र घाबरून जाऊ नका.

उत्तर : अंबाजोगाईची आजी

पोरी, तुझ्या सासूबाईंची बाजू मी आधी मांडते, कारण मीही कुणाची तरी सासू आहे. देवीचे घट बसायचे म्हणजे घर धुऊन-सारवून स्वच्छ करायचे, ही आमच्या हाडात बसलेली सवय आहे आणि तीत तुझ्या मैत्रिणीविषयी अनादर नाही. मात्र ज्या पंधरवड्यात आपण घरभरची धुणी काढतो, तोच पितरांचा पंधरवडा आहे, हे आपण विसरतो. महालयात केवळ आपल्या कुळातल्यांचेच स्मरण होत नाही. गुरू, शिष्य आणि स्नेही यांचेही नाव घेण्याची रीत आहे. सुतकात मैत्रिणीला जागा नसेल, पण इथे आहे. तुमच्या गुरुजींना एकदा विचारून घे आणि श्राद्धाच्या दिवशी तिच्या नावाने पान वाढ. तिचे यजमान असतील तर ते अविधवा नवमीला करतीलच. काकूंना विचारून तूही तिथे जा. गोधडीचा वाद सासूबाईंशी घालण्यापेक्षा हे आधी बोल.

खोळीची युक्ती मला पटली. वास जपण्याचे मात्र मला फारसे पटत नाही. आमच्या वेळी माणूस गेले की त्याचे कपडे वाटून टाकत आणि आठवण बोलण्यातच राही. पण तुला झोप लागते ना, मग माझे म्हणणे बाजूला ठेव.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे आभार. मांजरपाट आणायला सांगितला आहे आणि पोलक्यासाठी काकूंना फोन केला आहे. महालयाचे ऐकून सासूबाई म्हणाल्या की गुरुजींना त्या स्वतः विचारतील; गोधडीविषयी त्या अजून काही बोलल्या नाहीत. वाकळवाली ताई, एका कोपऱ्याचे टाके उसवले आहेत. घरात नायलॉनचा मजबूत दोरा आहे, तो चालेल का?

वाकळवाली (लातूर)

नायलॉन नको. तो तुटत नाही, म्हणून ताण आला की मऊ झालेले सुती कापडच कापले जाते. साधा सुती दोरा दुहेरी करून घ्या आणि जुन्या भोकांच्या थोडे बाजूने धावदोरा घाला. जमले तर ते टाके काकूंकडूनच घालून घ्या, त्यांचा हात त्या कापडाला माहीत आहे.