मदत हवी आहे: राउटरवर डब्ल्यूपीए३ ठेवू की मिश्र?
नमस्कार मंडळी. ऐरोलीच्या घरी नवीन राउटर बसवलाय. सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत; जुनी ती डब्ल्यूपीए२) ठेवली की माझा फोन लगेच जोडला जातो, पण बाबांचा जुना लॅपटॉप आणि प्रिंटर हटून बसतात. लॅपटॉपवर 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही कमांड चालवली, तर कार्डला चालणाऱ्या सुरक्षा पद्धतींची यादी डब्ल्यूपीए२ आणि सीसीएमपी (तिची एन्क्रिप्शन पद्धत) यांवरच संपते. नुसता ड्रायव्हर अपडेट करून डब्ल्यूपीए३ येईल, की वायफाय कार्डच बदलावं लागेल? आणि प्रिंटरचं हे कुठे बघायचं?

बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "पासवर्डच काढून टाका, सगळं चालेल." धन्य! इथे आजूबाजूच्या सगळ्या विंगांची वायफाय दिसतात.

डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवलं तर चालेल ना? की प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर (राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) टाकू? पण मग फोनवरून प्रिंट जाईल का?