ईएन ४२ च्या क्लिपसाठी क्वेंचिंगची सॉल्ट बाथ लावायची आहे, जुना सायनाइडचा पॉट चालेल का?

क्लिपवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं छोटं जॉबवर्क आहे. ईएन ४२ (स्प्रिंग स्टील) पट्टीच्या क्लिपा आणि वॉशर, जाडी दीड-दोन मिमी. आत्ता मफल भट्टीत ८६० ला तापवून ऑइलमध्ये टाकतो (क्वेंच) आणि मग टेम्पर करतो, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत थोडं तापवतो, पण अर्ध्या क्लिपा वाकतात आणि सरळ करायला गेलं की काही तडकतात, पोरं वैतागलीत. आता कस्टमरने ड्रॉइंगवरच ऑस्टेम्पर लिहून पाठवलंय, ४६ ते ५० एचआरसी (कडकपणाचं माप). म्हणजे ३२०-३३० च्या नायट्रेट सॉल्टमध्ये टाकून १५-२० मिनिटं धरायचं, एवढं माहितीये. शेजारची शेड बंद झाली, तिथे सायनाइड केस हार्डनिंगचा पॉट भट्टीसकट भंगाराच्या भावात मिळतोय. घासूनपुसून त्यात नायट्रेट भरलं तर चालेल का? आणि गॅस घ्यावा की इलेक्ट्रिक? माल तासाला साधारण १०० किलो.

भट्टीदादा:
भाऊ, तो पॉट घेऊ नका. फुकट दिला तरी नको. सायनाइड आणि गरम नायट्रेट एकत्र आलं की स्फोट होतो, धूर-बिर नाही, सरळ स्फोट. घासूनपुसून म्हणता पण वेल्डच्या सांध्यात, बारीक चिरांत, भट्टीच्या विटांत मुरलेलं सायनाइड कुठल्या ब्रशने काढणार? ॲसिडने धुवायचा विचार तर मनातही आणू नका, हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागेवर जातो. त्या पॉटचं काय करायचं ते त्याच्या मालकाने प्रदूषण मंडळाच्या नियमाने बघावं, घातक कचऱ्यासाठी रांजणगावला सोय आहे. तिथले चिमटे, बास्केट, हुक पण उचलून आणू नका, लोक नेमकं तेच विसरतात.

आणि हे पण ऐका. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे आग लागली तर सीओटू सिलिंडर मारून ती गुदमरत नाही. पाणी किंवा फोम मारला तर वाफेच्या धक्क्याने सॉल्ट अंगावर उडतं. बाजूला कोरडी वाळू भरून ठेवा, झाकणासकट, नाहीतर पावसाळ्यात तीच वाळू ओली होते आणि ओली वाळू म्हणजे पुन्हा पाणीच. टाकीजवळ लाकडी भुसा, ऑइलचे बोळे, रिकामी पोती काही नको. मॅग्नेशियमचा तुकडा तर चुकूनही आत पडता कामा नये.

थर्मल_ताई:
दादांनी पॉटचा विषय संपवलाच, मी टाकीच्या साइजचं बोलते कारण तिथेच सगळे कंजूषी करतात. सगळ्यांना वाटतं सॉल्ट बाथ म्हणजे तापवायची वस्तू. चालू उत्पादनात तिचं खरं काम उष्णता बाहेर काढायचं असतं. ८६० चं स्टील ३२० वर आणायचं म्हणजे किलोमागे साधारण ३५० किलोज्यूल सॉल्टमध्ये ओतले जातात. तासाला १०० किलो म्हणजे जवळपास १० किलोवॅट सतत आत येतंय. वितळलेल्या सॉल्टची विशिष्ट उष्णता दीडच्या आसपास धरा, तर १५०० किलो सॉल्टमध्ये १०० किलो माल एकदम टाकला की तापमान १५ डिग्री चढेल. ५०० किलोची टाकी केलीत तर ४५ डिग्री, मग बेनाइट (ऑस्टेम्परने मिळणारी स्टीलची चिवट रचना) कसलं आणि ४६-५० कसलं. म्हणून मालाच्या १५ पट सॉल्ट धरा किंवा लॉट लहान करा, २५-२५ किलोचे टाकले तर चढउतार चार डिग्रीत बसतो. १५०० किलो म्हणजे साधारण ८०० लिटर: एक मीटर बाय एक मीटर, सॉल्टची खोली ८०० मिमी, वर २०० मिमी तरी मोकळं.

टाकी साध्या माइल्ड स्टीलची, १०-१२ मिमी प्लेट, या तापमानाला भारी मटेरियल लागत नाही. बाहेरून डबल जॅकेट करून ब्लोअरची हवा फिरवायची सोय ठेवा, सेट पॉइंटच्या वर गेलं की ब्लोअर चालू, खाली आलं की हीटर. मी इलेक्ट्रिकच घेईन, पाइपात घातलेले इमर्शन हीटर, बाजूच्या भिंतीला उभे. गॅसची ज्योत तळाला लावली की तळाशी गाळ साठतो, त्याखालचा पत्रा लाल होतो आणि एक दिवस पॉट फुटतो. थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) दोन हवेत, एक कंट्रोलरचं आणि दुसरं वेगळ्या सेफ्टी कंट्रोलरला जोडलेलं जे थेट मेन कॉन्टॅक्टर (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) पाडेल. कॉन्टॅक्टर चिकटला तर पहिला कंट्रोलर काही करू शकत नाही. ५५० च्या वर सॉल्ट जाताच कामा नये.

क्लिपवाला_भोसरी:
बापरे. पॉट कॅन्सल. ताई, ॲजिटेटर (सॉल्ट ढवळणारा पंखा) लागतोच का? आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट नसते, तेव्हा सॉल्ट गोठलं तर?

रांगडा_फाउंड्रीवाला:
ॲजिटेटर नको म्हणताय, मग ऑइलच बरं की! कोल्हापूरजवळ शिरोलीला आम्ही एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचं ओतीव लोखंड) ऑस्टेम्पर करतोय, सॉल्ट हाललं नाही तर जाड जॉबच्या मध्यात पर्लाइट (नको असलेली मऊ रचना) धरतंय, कापून पॉलिश करून एच केलं (ॲसिड लावलं) की मायक्रोस्कोपखाली काळं दिसतंय. तुमचा माल पातळ आहे पण क्लिपा बास्केटात एकावर एक भरल्या की आतल्याला सॉल्ट पोचत नाही, तेच झालं ना. पंखा नळीत बसवायचा आणि प्रवाह खालून वर मालातून न्यायचा. वर भोवरा पडून हवा ओढली गेली नाही पाहिजे. पातळ मालाचा दुसरा घोळ म्हणजे भट्टीपासून टाकीपर्यंतचं अंतर. पट्टी हवेतच ५५०-६०० वर आली तर काम तिथंच बिघडलं, सॉल्ट कितीबी चांगलं असू दे. भट्टीचं तोंड आणि टाकी समोरासमोर ठेवा, दोन-तीन सेकंदात माल आत. चाळीस फुटांवरून पोरगा बास्केट घेऊन पळतोय असला प्रकार नको.

गुरुवारचं सांगतो. ५३ टक्के पोटॅशियम नायट्रेट, ४० सोडियम नायट्राइट आणि ७ सोडियम नायट्रेट हे मिश्रण १४२ ला वितळतं, त्यामुळे जाड इन्शुलेटेड झाकण टाकलं तर ३२० वरून एका दिवसात सहसा गोठत नाही. दिवाळीला मात्र गोठणारच. बंद करताना हीटरच्या बाजूला तळापर्यंत निमुळत्या लोखंडी सळ्या उभ्या सोडायच्या, गोठल्यावर काढून घ्यायच्या, भोक राहतं. नाहीतर चालू करताना खाली वितळतंय आणि वर टणक साय, दाब वाढून साय फोडून कारंजं उडतंय. हळू तापवा, ३० किलोवॅट लावले तरी गार टाकी वर यायला आठ-दहा तास धरा, आणि तोवर कुणी वाकून बघायचं नाही.

कोण सांगेल पाणी घाला म्हणजे क्वेंच तेज होतंय. खरं आहे, २०० च्या आसपास अर्धा ते दोन टक्के पाणी लोक ठेवतात, पण ते ॲजिटेटर चालू असताना पृष्ठभागावर बारीक फवारा सोडून, मीटरिंग लावून. ३२० ला फार थोडं टिकतं. दीड मिमीच्या क्लिपला त्याची गरजच नाही. बादलीने तर कधीच नाही.

थर्मल_ताई:
धुण्याची टाकी विसरू नका. गरम पाण्यात सॉल्ट सहज सुटतं, पण तेच पाणी गटारात सोडलं तर नायट्राइटमुळे प्रदूषण मंडळ दारात. दोन टाक्या करा, पहिलीतलं दाट पाणी आटवून सॉल्ट परत मिळतं, ते पूर्ण सुकवूनच बाथमध्ये घालायचं. बास्केट धुतल्यावर पण कोरडं झाल्याशिवाय आत नाही. माल बिनगंजाचा ठेवायला शेवटी रस्ट प्रिव्हेंटिव्ह लावता ना, ती ऑइलची बादली टाकीपासून शेडच्या दुसऱ्या टोकाला.

क्लिपवाला_भोसरी:
नवीन टाकीचं कोटेशन मागवतो मग. लॉट २५ किलोचा, जॅकेट आणि ब्लोअर, सेफ्टी कंट्रोलर वेगळा. फॅब्रिकेटर म्हणतोय ८ मिमी प्लेट पुरते, त्याला १२ च सांगू ना?

भट्टीदादा:
१२. आणि वेल्ड दोन्ही बाजूंनी, पाणी भरून रात्रभर लीक टेस्ट, नंतर पूर्ण सुकवून मगच सॉल्ट. टाकीखाली कोरडा खड्डा किंवा ट्रे पाहिजे, सगळं सॉल्ट मावेल एवढा. फरशीच्या फटीत पाणी झिरपतंय का ते पावसाळ्यात बघून मग जागा ठरवा.