ऑडिओग्राम नॉर्मल, तरी श्रुतलेखनात ‘भात’चा ‘बात’. पुढची तपासणी कोणती?

वाळव्याचा शिक्षक (जि. सांगली):
तिसरीतला मुलगा, वय साडेआठ. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम १५ डेसिबलच्या आत. फळ्यावरचं बिनचूक उतरवतो, पण श्रुतलेखनात भात-बात, थाट-ताट, घार-गार अशी अदलाबदल करतो. तीन सूचना सलग दिल्या की एखादीच पाळतो. वर्गावर पत्रा आहे, आणि गाळप हंगामात खिडकीबाहेरून उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. हा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) की ऐकण्याचा दोष? श्रवणयंत्र लागेल का?

ऑडिओलॉजिस्ट, मिरज:
सर, ऑडिओग्राममधून शांत खोलीत बारीक ‘टूं’ ऐकू येतो का, एवढंच कळतं. गोंगाटात शब्द वेगळा काढता येतो का, हे त्यात दिसत नाही. आधी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची तपासणी, करून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं की ऐकणं २०-३० डेसिबलने उतरतं आणि काही दिवसांनी पुन्हा सुधारतं, त्यामुळे एका दिवसाचा ऑडिओग्राम फसवू शकतो.

पडदा ठीक असेल तर श्रवण-प्रक्रियेच्या (कानात आलेला आवाज मेंदू कसा उलगडतो याच्या) चाचण्या कराव्यात: दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे, गोंगाटातले शब्द, आवाजातला सूक्ष्म खंड ओळखणं, उंच-खालच्या स्वरांचा क्रम सांगणं. सात वर्षांखालच्या मुलांचे निकाल फार वरखाली होतात, याचं वय योग्य आहे. निदान एका चाचणीवर होत नाही. किमान दोन चाचण्यांत गुण वयाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी (म्हणजे त्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा बरेच) कमी हवेत. नेहमीचं श्रवणयंत्र नको, त्याने गोंगाटही मोठा होतो.

विशेष शिक्षिका, सातारा:
ही तपासणी वर्गातच करता येते. मुलाच्या मागे उभं राहून (ओठ दिसता कामा नयेत) वीस शब्द सांगा. प्रत्येक शब्द त्याने आधी *तोंडी* म्हणायचा, मग लिहायचा. तोंडी बरोबर पण लिहिताना चूक, तर ध्वनी आणि अक्षराची जोडी पक्की नाही. तोंडीच चुकला, तर ऐकण्याची किंवा उच्चाराची बाजू तपासा. हेच दुसऱ्या दिवशी पंखा आणि खिडकी बंद करून घ्या. चुका निम्म्यावर आल्या तर गोंगाटाचा वाटा मोठा आहे. पहिली-दुसरी वेलांटी आणि उकाराच्या चुका यात धरू नका. त्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आहेत, कानाच्या नाहीत.

वाळव्याचा शिक्षक:
मॅडम, एक राहिलं. कुटुंब मूळचं जतकडचं, घरात कानडी बोलतात.

ऑडिओलॉजिस्ट, मिरज:
मग चित्र बदललं! बोली कानडीत ख, घ, थ, भ हे बऱ्याचदा क, ग, त, ब असेच उच्चारले जातात. म्हणजे तुम्ही दिलेल्या तिन्ही चुका घरच्या भाषेतून आलेल्या असू शकतात. कानडीतही असलेला भेद तपासा: वात-वाट, काल-काळ. तिथे चुकला तर ती खूण गंभीर. न-ण मात्र सोडा, आपल्याकडच्या बोलीत तो तसाही मिसळतो. सूचना निसटतात त्याला भाषा हेही कारण असू शकतं, तेव्हा त्याच सूचना घरच्यांकडून कानडीत देऊन बघा.

विशेष शिक्षिका, सातारा:
निदान येईपर्यंत थांबू नका, सर. रोज दहा मिनिटं, एका वेळी एकच जोडी. त-थ घ्या. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली की ‘थ’ला ती हलते, फरक डोळ्यांना दिसतो. आधी ‘सारखे की वेगळे’, मग दोन अक्षरपट्ट्यांतली योग्य पट्टी उचलणं, मग शब्द, श्रुतलेखन शेवटी. दहापैकी नऊ बरोबर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. नुसते कानाचे व्यायाम करून वाचन सुधारेल अशी आशा ठेवू नका. अक्षर समोर हवंच.

जागा पुढच्या रांगेत, खिडकीपासून लांब द्या. तुमचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर हवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणून ओरडण्यापेक्षा जवळ जाणं बरं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि सूचना एकेक द्या.

दाखल्याबद्दल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत श्रवण-प्रक्रियेचा दोष वेगळा नाही. परीक्षेतल्या सवलती विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (डिस्लेक्सिया त्यातच येतो) दाखल्यावर मिळतात, आणि तो आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच निघतो. पालकांना अर्ज करायला आताच सांगा. सोबत श्रुतलेखनाच्या वह्या द्या, चुका न खोडता.